अनोथेन : ग्रीक–मराठी शब्दकोशातल्या एका क्रियाविशेषणाच्या कामाच्या नोंदी

३ जून २०२४

आज 'अनोथेन' हा शब्द कामाला घेतला. 'अनो' म्हणजे वर, त्याला '-थेन' हा प्रत्यय. मूळ अर्थ 'वरून'. कच्च्या यादीत या शब्दापुढे फक्त 'वरून; पुन्हा' एवढेच लिहिलेले होते. मध्ये अर्धविराम टाकून दोन अर्थ शेजारी ठेवले की वाचकाला वाटते, हवा तो उचलावा. हा शब्द तसा चालत नाही. कुठल्या वाक्यात कुठला अर्थ आणि का, हे नोंदीतच दिसले पाहिजे.

आधी लेखनाचा प्रश्न मिटवला. पहिला स्वर ऱ्हस्व आहे म्हणून 'अ', 'आ' नाही. दुसरा दीर्घ ओकार, तो आपल्या 'ओ'त नीट बसतो. शेवटचा एकार ऱ्हस्व आहे. देवनागरीत त्याला वेगळे चिन्ह नाही, म्हणून 'ए'च ठेवला आणि प्रास्ताविकात तसे नमूद करायचे ठरले. आघात पहिल्या अक्षरावर. 'थ' मात्र मराठी माणसाला आयता मिळतो : अभिजात ग्रीकमधला हा वर्ण महाप्राण स्पर्श होता, म्हणजे 'थंडी'तला थ. पुढच्या शतकांत त्याचा घर्षक झाला, म्हणजे इंग्रजी 'think'मधला आवाज. इंग्रजीतून ग्रीक शिकलेले लोक घर्षकच उच्चारतात. आपण तसे करायचे कारण नाही.

४ जून

नव्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या ग्रीकमध्ये लिहिलेल्या भागातल्या, आढळांची मोजणी. एवढे साधे काम, पण तीन ठिकाणी अडले.

पहिली मोजणी आली शून्य. कारण संगणकीय पाठात आरंभीचे अक्षर, त्यावरचे श्वासचिन्ह आणि आघातचिन्ह असे तीन सुटे संकेत होते आणि शोधाच्या चौकटीत टाकलेला शब्द एकाच जोडसंकेताचा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. उपाय : शोधण्यापूर्वी पाठ आणि शोधशब्द दोन्ही युनिकोडच्या एकाच प्रमाणरूपात आणणे.

दुसरी मोजणी आली बारा. तेरावा आढळ याकोबाच्या पत्रात १:१७ ला होता. तिथे या शब्दामागोमाग 'एस्तिन' हे आघात नसलेले क्रियापद येते आणि आपला आघात मागच्या शब्दावर टाकते, त्यामुळे 'अनोथेन'वर शेवटी दुसरे आघातचिन्ह चढते. हुबेहूब शोधात ते रूप निसटते. म्हणून आघात काढून टाकलेल्या पाठात शोधायचे.

आघात काढले की तिसरी अडचण उभी राहते : शब्दाचा तुकडा म्हणून शोधले तर 'एपनोथेन'ही सापडतो. नव्या करारात त्याने फरक पडत नाही, पण जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुअजिंटमध्ये, 'एपनोथेन' भरपूर आहे आणि आकडा फुगतो. शब्दाच्या दोन्ही टोकांना सीमा लावून शोधावे. पद्यात 'अनोथे' असे न-कार नसलेले रूपही मिळते, तेही शोधात घ्यावे.

अंतिम आकडा तेरा. योहान ५ (३:३, ३:७, ३:३१, १९:११, १९:२३), याकोब ३ (१:१७, ३:१५, ३:१७), मत्तय २७:५१, मार्क १५:३८, लूक १:३, प्रेषितांची कृत्ये २६:५, गलतीकरांस ४:९. प्रत्येकाची वेगळी चिठ्ठी केली. रकाने सहा : संदर्भ, सोबतचे क्रियापद, आधीचे शब्दयोगी किंवा उपपद, स्थळ की काळ, वल्गेटमधला (बायबलच्या जुन्या लॅटिन भाषांतरातला) शब्द, प्रस्तावित मराठी.

६ जून

प्रत्ययावर दिवस गेला, आणि तो घालवण्यासारखाच होता. '-थेन' म्हणजे आपला '-ऊन / -हून'. शेजारी मांडून पाहिले :

ओइकोथेन – घरून
अथेनेथेन – अथेन्सहून
पोथेन – कुठून
एकेइथेन – तिथून
पोर्रोथेन – दुरून
एसोथेन – आतून
एक्सोथेन – बाहेरून
कतोथेन – खालून
अनोथेन – वरून

नऊच्या नऊ जोड्या जुळल्या. इंग्रजीतून शिकताना हा प्रत्यय रटावा लागतो, कारण तिथे आज चालता असा एकशब्दी साचा उरलेला नाही. मराठी वाचकाला 'घरून, दुरून, वरून' एवढे म्हटले की पुरते. ही यादी नोंदीच्या डोक्यावरच द्यायची.

साम्य आणखी खोल जाते. मराठीत 'घर बाहेरून छान दिसते' म्हणताना कोणी बाहेरून कुठे जात-येत नसते; 'ऊन'मधली गती विरलेली असते, उरते ती फक्त बाजू. ग्रीकमध्येही तेच. मत्तय २३:२७ मध्ये चुना दिलेल्या कबरी 'एक्सोथेन' सुंदर दिसतात आणि 'एसोथेन' हाडांनी भरलेल्या असतात : बाहेरून आणि आतून, जसेच्या तसे.

गती अशी विरत गेली की बोलणारे ती वरून पुन्हा जोडू लागतात. इलियडच्या आठव्या सर्गात झ्यूस सोन्याची साखळी आकाशातून सोडायला सांगतो, तिथे 'ऊरनोथेन' या एकट्या शब्दात 'आकाशातून' आलेले असतानाही आधी 'एक्स' (-मधून) लावलेला आहे. मार्क १५:३८ मध्ये मंदिराचा पडदा 'अप् अनोथेन' फाटतो. 'अपो' म्हणजे '-पासून', तेव्हा शब्दशः 'वरूनपासून'. ही चूक नाही, भाषेची चाल आहे. भाषांतरात 'वरपासून खालपर्यंत'.

एक सूचना व्युत्पत्तीच्या रकान्यासाठी. संस्कृत जाणणाऱ्याचा हात इथे लगेच 'मूलतः, अग्रतः' मधल्या '-तः'कडे जातो. अर्थ जुळतो, पण प्रत्यय तो नव्हे. '-तः'चे ग्रीक भावंड 'एन्तोस' (आत) आणि 'एक्तोस' (बाहेर) यांच्या शेवटी आहे. लॅटिनमध्ये 'फुन्डितुस' (तळापासून) मध्ये. '-थेन'शी त्याची सांगड घालू नये.

१० जून

नव्या कराराबाहेरचे आढळ. इथे अर्थाची वाट उलगडते.

स्थळ. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस चौथ्या पुस्तकात नेउरी लोकांबद्दल सांगतो की साप त्यांच्याच देशात निपजले, पण त्याहून जास्त 'अनोथेन', ओसाड प्रदेशातून, त्यांच्यावर येऊन पडले. हे 'वर' आकाशातले नाही; समुद्रापासून दूर, आतल्या मुलखाकडचे आहे. आपण 'घाटावरून' म्हणतो तसले. दुसरा ग्रीक इतिहासकार थुसिडिडीज चौथ्या पुस्तकात 'अनोथेन' आलेल्या पाण्याबद्दल बोलतो, म्हणजे पाऊस. आणि अँफिपोलिसजवळ नदीच्या 'अनोथेन' मोठे तळे आहे म्हणतो, म्हणजे वरच्या अंगाला.

काळ. प्लेटोच्या फिलेबसमध्ये काही विचारवंत आपले म्हणणे 'कुठून तरी वरून सुरू करतात', म्हणजे बरेच मागे जाऊन, मुळापासून. वरचे टोक हे आरंभाचे टोक झाले.

पुनरावृत्ती. यहुदी इतिहासकार जोसेफसच्या प्राचीन इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात अबीमलेख आणि इसहाक यांच्यातली मैत्री 'अनोथेन' जोडली जाते, म्हणजे नव्याने. अथेन्सच्या वक्त्यांवरचा कोशकार हार्पोक्रेशन 'खटला पुन्हा चालवणे' या क्रियापदाचा अर्थ 'अनोथेन न्याय मागणे' असा देतो. दुसऱ्या शतकातला स्वप्नफळे सांगणारा आर्टेमिडोरस म्हणतो : गरोदर बायको असलेल्या पुरुषाला आपण जन्म घेतो आहोत असे स्वप्न पडले तर त्याला हुबेहूब त्याच्यासारखा मुलगा होईल, कारण तो स्वतःच जणू 'अनोथेन' जन्मतो. जन्माच्या क्रियापदासोबत हा शब्द 'पुन्हा' या अर्थाने येतो याचा इतका चोख बाहेरचा दाखला दुसरा आमच्या चिठ्ठ्यांत नाही.

'वरून'चे 'पुन्हा' कसे झाले, हे मराठी वाचकाला पटवायला पंडिती लागत नाही. वर्गात मूल पानाच्या मध्यावर अडखळले की बाई म्हणतात, 'वरपासून वाच.' सांगितले आहे स्थळ, पानाचे वरचे टोक. समजायचे ते 'सुरुवातीपासून'. आणि घडते ते 'पुन्हा वाचणे'. तिन्ही अर्थ त्या दोन शब्दांत एकावर एक बसलेले आहेत. 'अनोथेन'चा प्रवास याच तीन पायऱ्यांनी झाला : वरच्या टोकापासून, आरंभापासून, नव्याने. हे उदाहरण नोंदीत जाणार.

'वर'मधून वारंवारतेकडे जाणारा मराठीतला आणखी एक शब्द 'वरचेवर'. वाट वेगळी आहे, पण दिशादर्शक शब्द काळाचा होतो याची साक्ष म्हणून टिपेत ठेवला.

१२ जून

लूक १:३ आणि कृत्ये २६:५. दोन्हीकडे काळाचा अर्थ, यावर मतभेद नाही. पण जुळणी करताना एक गोष्ट लक्षात आली जी चिठ्ठ्या सुट्या वाचताना दिसत नव्हती. दोन्ही ठिकाणी आधीच्याच वचनात 'अप् अर्खेस' (आरंभापासून) आहे, लूक १:२ आणि कृत्ये २६:४. म्हणजे लेखकाने एकदा 'आरंभापासून' म्हणून लगेच दुसरा शब्द निवडला आहे. मराठीत दोन्हीकडे 'आरंभापासून' घातले तर ही निवड पुसली जाते.

ठरले : 'अप् अर्खेस'ला 'आरंभापासून' राखून ठेवायचे. लूक १:३ मध्ये बारकाईने माग काढण्याची गोष्ट आहे, तिथे 'मुळापासून'. कृत्ये २६:५ मध्ये पौल म्हणतो की यहुदी लोक मला ओळखतात, आणि त्या क्रियापदालाही 'आधी'चा उपसर्ग आहे, तिथे 'पूर्वीपासून'.

१३ जून

योहान १९:२३, बिनशिवणीचा अंगरखा. मजकूर 'एक तोन अनोथेन', म्हणजे क्रियाविशेषणाला बहुवचनी उपपद लावून नाम केले आहे : 'वरच्या भागांपासून' सबंध विणलेला.

इथे यंत्राची माहिती अर्थात मिसळण्याचा मोह होतो. ग्रीकांच्या जुन्या उभ्या मागावर ताणा वरच्या आडव्या दांडीला बांधत, खाली मातीची वजने लटकवत, आणि बाणा वर ठोकत ठोकत कापड वरून खाली विणत नेत. चित्र वाक्यात फार छान बसते. पण रोमन काळात दोन दांड्यांचा उभा मागही वापरात होता आणि त्यावर विणकाम खालून वर चढते. शिवाय अंगरख्याची 'वरची' बाजू मागावरही वरच असेल असे नाही. तेव्हा मागाची गोष्ट टिपेत, व्याख्येत नाही. प्रतिशब्द 'वरपासून'.

१७ जून

गलतीकरांस ४:९. 'पलिन अनोथेन' असे दोन शब्द लागून. नुसत्या 'पुन्हा पुन्हा'ने काम भागत नाही, कारण तो वारंवारतेचा अर्थ होतो. इथे म्हणणे आहे : सुटलात, आणि आता पुन्हा पहिल्यापासून गुलामी करू पाहता.

'पलिन'ला मराठीत 'परत' फार नेमका बसतो. 'परत ये' म्हणजे मागे ये आणि पुन्हा ये, दोन्ही; 'पलिन'मध्येही हेच दोन अर्थ आहेत, आणि मूळचा 'मागे' हाच. मग तीन शब्दांची वाटणी अशी झाली :

पलिन – परत, पुन्हा (जिथून निघालो तिकडे)
देउतेरोन – दुसऱ्यांदा (मोजणी)
अनोथेन – पहिल्यापासून, नव्याने (आरंभबिंदू)

'पुन्हा पहिल्यापासून' हा मराठीतला रोजचा शब्दप्रयोग 'पलिन अनोथेन'ची प्रतिकृतीच आहे. रचनाही तीच, क्रमही तोच. शलमोनाच्या ज्ञानग्रंथात १९:६ ला हीच जोडी आहे : सृष्टी 'पलिन अनोथेन' घडवली गेली. तिथेही हाच प्रतिशब्द कसाला उतरला.

१९ जून

'वरून' या मराठी शब्दाची तपासणी. प्रतिशब्द म्हणून तो पहिल्या क्रमांकावर राहणार, पण त्याला स्वतःची वळणे आहेत आणि ती भाषांतरात घुसतात.

एक : नामाला जोडला की अर्थ फिरतो. 'आकाशावरून' म्हणजे आकाशाच्या पृष्ठभागावरून. उगमासाठी 'आकाशातून' हवे. 'यावरून' म्हणजे या कारणाने. म्हणून 'अनोथेन'साठी 'वरून' नेहमी सुटा लिहायचा.

दोन : 'आणि वरून' लागून आले की 'एवढेच नव्हे तर' असा सूर लागतो : 'चूक केली आणि वरून उद्धटपणा.' याकोब १:१७ च्या कच्च्या मसुद्यात '…दान उत्तम, आणि वरून उतरते' असे झाले होते. वाचणाऱ्याचा ठेका चुकतो. 'आणि'नंतर लगेच 'वरून' येऊ द्यायचा नाही. 'ते वरून उतरते'.

तीन : 'वरून आदेश आला' मधले वरिष्ठ. योहान १९:११ मध्ये हे वळण अडचण नसून उपयोगाचे ठरते. येशू पिलाताला म्हणतो, तुला 'अनोथेन' दिले नसते तर माझ्यावर तुझा अधिकार चालला नसता. मराठी वाचकाला क्षणभर पिलाताचे वरिष्ठ, म्हणजे रोम, आठवेल आणि मग देव. ऐकणारा रोमन अधिकारी होता. त्यालाही तसेच ऐकू येणे शक्य आहे. इथे 'स्वर्गातून' घालून ती फट बुजवू नये.

२४ जून

योहान ३:३ आणि ३:७. मुद्दाम शेवटी ठेवले होते.

पाठात येशू निकदेम या यहुदी पुढाऱ्याला म्हणतो की 'अनोथेन' जन्मल्याशिवाय देवाचे राज्य दिसत नाही. निकदेम विचारतो, म्हातारा माणूस आईच्या पोटात दुसऱ्यांदा कसा शिरेल. त्याच्या तोंडी 'अनोथेन' नाही, 'देउतेरोन' आहे. हा शब्दबदल निर्णायक आहे. त्याने ऐकलेल्या शब्दाचा एक अर्थ उचलला आणि तोही घट्ट मोजणीचा केला.

'वरून'च्या बाजूने : योहानातले बाकीचे तिन्ही आढळ वरच्या दिशेचेच, आणि त्यातला ३:३१ याच अध्यायात आहे. 'पुन्हा'च्या बाजूने : निकदेमाला तसे ऐकू येते, आर्टेमिडोरस, आणि दुसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक जस्टिन हे वचन देताना सरळ 'पुनः जन्म घेणे' या अर्थाचे वेगळे क्रियापद वापरतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती धर्मोपदेशक ख्रिसोस्टम, ज्याची मातृभाषाच ग्रीक, नोंदवतो की काही जण इथे 'आकाशातून' असा अर्थ घेतात आणि काही 'आरंभापासून'. लॅटिन वल्गेटने ३:३ ला 'डेनुओ' (नव्याने) घातले आणि ३:३१ ला 'डेसुर्सुम' (वरून). लॅटिनला दोन शब्द वापरावेच लागले. पेशित्ताने, म्हणजे बायबलच्या जुन्या सिरियाक भाषांतराने, 'मेन देरीश' घातले : शब्दशः 'डोक्यापासून', अर्थ 'नव्याने'. वरच्या टोकापासून आरंभ, हीच ती 'वरपासून वाच'ची वाट.

आमचा निर्णय : शब्द दोन्ही अर्थांनी मुद्दाम ठेवलेला आहे. या शुभवर्तमानात ही पद्धतच आहे. ऐकणारा एक अर्थ धरतो, बोलणारा दुसरा उलगडतो. पुढच्याच अध्यायात विहिरीपाशी 'जिवंत पाणी' येते, ज्याचा रोजच्या ग्रीकमध्ये अर्थ वाहते पाणी. तिथे मराठीचे नशीब चांगले : 'विहिरीला जिवंत झरे आहेत' असे आपण म्हणतोच, त्यामुळे श्लेष आयता उतरतो. इथे तो उतरत नाही. 'वरून', 'वरपासून', 'पहिल्यापासून', 'नव्याने' हे चारही वाक्यात घालून पाहिले. 'वरपासून जन्मणे' हे मराठी नाही. 'पहिल्यापासून जन्मणे' ओढूनताणून. उरले दोन.

प्रचलित मराठी पवित्र शास्त्रात इथे 'नव्याने' आहे, आणि ३:३१ मध्ये 'वरून'. 'नव्याने' हा विचारपूर्वक घेतलेला शब्द वाटतो. तो 'देउतेरोन'हून वेगळा राहतो, म्हणून निकदेमाचा गैरसमज गैरसमज म्हणून दिसतो. 'पुन्हा' घातले असते तर निकदेम बरोबरच ठरला असता आणि संवादाचा कणाच मोडला असता.

'पुनर्जन्म' कुठल्याही परिस्थितीत नको. मराठी कानाला त्यात मृत्यूनंतरचा पुढचा जन्म ऐकू येतो. 'द्विज' त्याहून नको. तिथे मुंज उभी राहते. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीकवरून थेट मराठी भाषांतर केले (ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये निघाले), तेव्हा हिंदू धर्मकल्पना चिकटलेले संस्कृत शब्द टाळून साधी मराठी वापरण्यावर त्यांचा कटाक्ष होता. या एका वचनापाशी त्या कटाक्षाचे कारण स्पष्ट दिसते.

२५ जून

कोशाची नोंद पक्की केली. गट आणि आकडे तपासले : वरून ५, वरच्या टोकापासून ३, पूर्वीपासून किंवा मुळापासून २, पहिल्यापासून १, दुहेरी २. बेरीज तेरा.

अनोथेन, क्रि. वि. [अनो 'वर' + -थेन '-ऊन']
१. वरून : (अ) उंचावरून, स्वर्गातून, देवाकडून. योहा. ३:३१, १९:११, याको. १:१७, ३:१५, १७. (आ) वरच्या टोकापासून, वरपासून. मत्त. २७:५१, मार्क १५:३८, योहा. १९:२३.
२. पूर्वीपासून, मुळापासून. लूक १:३, कृत्ये २६:५.
३. पहिल्यापासून, नव्याने; 'पलिन'सह : पुन्हा पहिल्यापासून. गल. ४:९.
१ आणि ३ एकत्र : योहा. ३:३, ७. मजकुरात 'नव्याने', तळटीप : 'किंवा, वरून. मूळ शब्दाचे दोन्ही अर्थ होतात. ३:४ मधला "दुसऱ्यांदा" हा निराळा शब्द आहे.'

तळटीप ३:३ ला लावायची, ३:७ ला नाही. तिथे फक्त खूण. आणि ३:३१ ला उलटा संदर्भ द्यायचा, कारण तिथे 'वरून येणारा' वाचताना हाच शब्द आहे हे मराठीतून कळण्याचा दुसरा मार्ग नाही.